घरचं भाडं

दहावीच्या पेपरांनी शाळा अडवलेली,
म्हणून मंगळवारी दोघंही घरी.
सुगंधा काजूच्या कारखान्यात, सातच्या पाळीला.
मग मीच म्हटलं, बसा मागे.

मंजिरीला खिडकी हवी.
रिक्षाला खिडकी नसते, पण भांडण असतंच.
निहार मधोमध, दांड्याला धरून उभा,
तोंडाने हॉर्न वाजवतो, थेट माझ्या कानात.

नाक्यावर रसूलने हात केला,
"सकाळीच कुठचं भाडं रे?"
"घरचं!" मी ओरडलो.
त्याला वाटलं, खोलीचं भाडं भरायला निघालोय.
तेही थकलंय म्हणा, दोन महिन्यांचं.

बारा वर्षं मी रत्नागिरी दाखवतोय,
पुण्याच्या पाहुण्यांना, कोल्हापूरच्या, कुठकुठच्या.
थिबा राजवाडा, भगवतीचा किल्ला, दीपगृह,
आकडे तोंडपाठ, थांबायचे वेगळे.
"वर जाऊन डावीकडे वळा, फोटो तिथून चांगला येतो,"
असं छातीठोक सांगतो
आणि खाली सावली बघून
मागच्या सीटवर पाय पसरतो.

मत्स्यालयाच्या दाराशीही सवयीनं म्हणालो,
"जा, बघून या. मी आहे इथेच."
मंजिरी दोन पायऱ्या चढली. परत आली.
"तू नाही येत?"
"मी शंभरदा आलोय गो."
"मग सांग, आत गेल्यागेल्या काय आहे?"

मला सांगता येईना.
मला दार माहीत होतं,
दारासमोरची सावली किती वाजता कुठे सरकते ते,
आणि तिकिटं फाडणाऱ्या बाईंचं आडनाव.

"आज तुम्ही पण?" बाई म्हणाल्या.
तीन तिकिटं.

आत हिरवट उजेड, काचेवर पोरांच्या नाकांचे ठसे.
एक चपटा मासा वाळूत अंग पुरून
फक्त डोळे बाहेर ठेवून बसलेला,
मी त्याला लगेच ओळखला:
स्टँडवर दुपारी आम्ही असेच असतो.

मग देवमाशाचा सांगाडा.
होडी बांधायला घ्यावी आणि मध्येच पैसे संपावेत, तसा.
निहार बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"ह्याच्या पोटात आपली रिक्षा मावेल?"
"मावेल."
"स्टँडवरच्या सगळ्या?"
"रांगेत लावल्या तर."
"रसूलकाकाची शेवटी लाव. तो ओव्हरटेक करतो."

मांडवीला गोळा घेतला, काला खट्टा, तिघांना तीन.
जेट्टीवर वारा असा की सरबत गालावरनं कानाकडे.
रिक्षात मागे मीच चिकटवलेली पाटी आहे.
मंजिरीने ती मोठ्यानं वाचली,
"कृपया रिक्षात खाऊ नये,"
आणि पुढचा थेंब सीटवर पाडला.

भाट्याच्या सुरूखाली ताडगोळे सोलत होतो,
साल नखात, पाणी मनगटावर,
तेव्हा फोन.
स्टेशनवरनं चार माणसं, गणपतीपुळे, जाऊन-येऊन.
मी मनात आकडा मांडला,
खोलीच्या मालकाचं तोंडही मांडलं त्याच्या शेजारी.
समोर निहार लाटेला सांगत होता,
"थांब. थांब म्हटलं ना!"
आणि ती थांबत नव्हती.
"रसूलला लावा," मी म्हणालो, आणि नंबर दिला.
दिल्यावर थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी कारखान्याच्या फाटकाशी
सुगंधा बायकांच्या घोळक्यातनं आली,
बोटं काजूच्या डिंकानं काळी,
साबणानं न जाणारी.
सीटला हात लावून म्हणाली, "हे चिकट काय?"
कोणी बोलेना.
"जीभ दाखव," ती निहारला म्हणाली.
त्याने दाखवली. काळीजांभळी.
तिने आपला पंजा त्याच्या जिभेशेजारी धरून बघितला.
मंजिरीची पण बघितली.
मग आरशातनं माझ्याकडे बघत,
"आणि तुमची?"

मागनं एसटी हॉर्न मारत होती.
मी मान वळवली
आणि दाखवली.